घटक ५ : ‘अमुक-तमुक’पासून ‘अबक@उदाहरण’पर्यंत – नमुना-नामे, ई-मेल पत्ते आणि देवनागरी लिपी

५.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणास :
१. नमुना-नाम ही संकल्पना सांगता येईल.
२. ‘अमुक’ आणि ‘कोणीतरी’ यांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
३. मराठीतील नमुना-नामांचे प्रकार व त्यांमागील सामाजिक संकेत विशद करता येतील.
४. देवनागरीतील ई-मेल पत्ता कसा शक्य झाला आणि मराठी लेखनाचे कोणते प्रश्न त्यात निर्माण होतात, हे समजून घेता येईल.
५. अर्ज, पत्र वा सूचनापत्रक यांसाठी निर्दोष मराठी नमुना तयार करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विशेषनाम व सामान्यनाम यांचा विचार केला. विशेषनाम एका व्यक्तीचे असते, तर सामान्यनाम एका जातीतील सर्व व्यक्तींना लागू पडते, हे आपण पाहिले. परंतु भाषेत एक तिसराही वर्ग आहे. तो दिसतो विशेषनामासारखा, पण त्यामागे कोणतीही व्यक्ती नसते. प्रवेशअर्ज भरताना नाव लिहिण्याच्या चौकटीत फिकट अक्षरांत आधीच एखादे नाव छापलेले आपण पाहिले असेल. त्याखाली ई-मेलच्या चौकटीत ‘एबीसी@एक्सवायझेड.कॉम’ असा पत्ता रोमन लिपीत असतो. हे नाव कोणाचे? हा पत्ता कोणाचा? कोणाचाच नाही. येथे आपले नाव, आपला पत्ता लिहावयाचा आहे, एवढेच ते सांगत असते.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु रिकामी जागा कोणासाठी ठेवली आहे, हे त्या नमुन्यावरून कळते. अर्ज मराठीत असूनही नमुना इंग्रजी नावाचा असेल, तर अर्ज भरणाऱ्याला त्यातून एक गोष्ट न बोलता सांगितली जाते. या घटकात आपण मराठीतील जुन्या नमुना-नामांपासून सुरुवात करून आजच्या देवनागरी ई-मेल पत्त्यापर्यंत येणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ नमुना-नाम म्हणजे काय?

ज्या जागी प्रत्यक्ष नाव येणार आहे, ती जागा तात्पुरती धरून ठेवणाऱ्या शब्दाला या घटकात आपण ‘नमुना-नाम’ म्हणू. मराठीतील त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘अमुक’. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) त्याने सांगितले, की कोणत्यातरी दिवशी ये.
(आ) त्याने सांगितले, की अमुक दिवशी ये.

पहिल्या वाक्यात दिवस ठरलेलाच नाही. दुसऱ्या वाक्यात दिवस ठरला आहे. सांगणाऱ्याने तो नेमका सांगितलाही होता. परंतु आता बोलणारा तो उघड करत नाही, कारण त्याला तो आठवत नाही किंवा त्याची गरज वाटत नाही. ‘कोणीतरी’, ‘काहीतरी’ ही अनिश्चितता दर्शवतात. ‘अमुक’ मात्र निश्चिततेचीच जागा दर्शवते. त्या जागेतील मजकूर तेवढा झाकलेला असतो. म्हणून ‘अमुक’ला केवळ अनिश्चित सर्वनाम मानणे अपुरे ठरते.

‘अमुक’ हा शब्द संस्कृतातून आला असून त्याचे मूळ ‘अदस्’ या दर्शक सर्वनामाच्या ‘अमु’ या अंगात आहे. पूजेच्या संकल्पात गोत्र व नाव यांच्या जागी पोथीत ‘अमुक’ हाच शब्द छापलेला असतो आणि यजमानाने तेथे स्वतःचे नाव उच्चारावयाचे असते. आजच्या अर्जातील रिकाम्या चौकटीचे कार्य या पोथीत शतकानुशतके चालत आले आहे. व्याकरणकारांचा नेहमीचा नमुना-पुरुष ‘देवदत्त’. पतंजलीच्या ‘महाभाष्या’त तो वारंवार भेटतो. पुढे न्याय आणि मीमांसा या शास्त्रांतील उदाहरणांतही तोच येतो आणि त्याच्या जोडीला यज्ञदत्त असतो.

५.२.२ मराठीतील नमुना-नामांचे प्रकार

अभ्यासाच्या सोयीसाठी मराठीतील नमुना-नामांचे चार प्रकार करता येतील.

(१) सर्वनामात्मक : अमुक, तमुक, अमका, तमका. यांतील ‘अमुक’ विकार पावत नाही आणि औपचारिक लेखनात येते. ‘अमका’ लिंग-वचनानुसार बदलते (अमका, अमकी, अमके) आणि ‘अमक्याने’, ‘अमकीला’ अशी रूपे घेते. ‘तमुक’ला स्वतंत्र अर्थ नाही, ते ‘अमुक’चे अनुकरणात्मक जोडरूप आहे.

(२) आगत : फलाणा. हा शब्द अरबी ‘फुलान’पासून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच अरबी शब्दापासून स्पॅनिश भाषेत ‘फुलानो’ झाला. एकच नमुना-नाम एका बाजूला स्पेनपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला विदर्भापर्यंत पोहोचले, ही शब्दांच्या प्रवासाची मनोवेधक कथा आहे. नागपूर ही १९५६पर्यंत मध्य प्रांताची व नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि तेथे मराठी व हिंदी यांचा शेजार जुना आहे. त्यामुळे नागपुरी बोलण्यात ‘फलाना-ढिकाना’ हे रूप सहज कानी पडते.

(३) अक्षरात्मक : अ, ब, क, बीजगणितातील क्ष आणि य. शालेय परीक्षेत पत्रलेखनाच्या शेवटी विद्यार्थ्याने स्वतःचे नाव न लिहिता ‘अ. ब. क.’ असे लिहावे, असा संकेत आहे. परीक्षकाला विद्यार्थ्याची ओळख पटू नये, हा त्यामागील हेतू. येथे नमुना-नाम न्यायाचे साधन होते. ‘क्ष-किरण’ या शब्दातील ‘क्ष’ हेही अज्ञाताचेच चिन्ह आहे.

(४) व्यक्तिनामात्मक : सोम्या-गोम्या, गण्या, बंड्या. यांत प्रत्यक्ष वापरातील नावेच ‘कोणीही’ या अर्थाने येतात.

इंग्लंडच्या न्यायव्यवहारात ‘जॉन डो’ व ‘रिचर्ड रो’ हे काल्पनिक पक्षकार जमिनीच्या ताब्याच्या दाव्यांत शतकानुशतके उभे केले जात. १८५२च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. पण ‘जॉन डो’ हे नाव अनोळखी व्यक्तीसाठी इंग्रजीत टिकून राहिले. भारतात अज्ञात प्रतिवादींविरुद्ध न्यायालये जे आदेश देतात, त्यांना ‘जॉन डो आदेश’ म्हणतात. त्यांचेच दुसरे नाव ‘अशोक कुमार आदेश’ असे आहे.

५.२.३ नमुना-नाम तटस्थ असते का?

‘अशोक कुमार’ या नावाचा थोडा विचार करा. देशातील कोणत्याही अनोळखी माणसासाठी निवडलेले हे नाव पुरुषाचे आहे आणि त्याची घडण उत्तर भारतीय आहे. त्यात वडिलांचे नाव नाही आणि मराठी पद्धतीचे आडनावही नाही. नमुना-नाम निवडणारा जे गृहीत धरतो, ते त्या नावात उतरते.

मराठीतील ‘सोम्या-गोम्या’ अधिक बोलके आहे. सोमा, गोमा या नावांना ‘-या’ हा प्रत्यय लागून ही रूपे झाली. हा प्रत्यय घरात लाडाचा असतो. आई ‘बंड्या’ म्हणते, तेव्हा त्यात माया असते. परंतु तोच प्रत्यय परक्याने, वरच्या पायरीवरून वापरला, की तो तुच्छतेचा होतो. ‘कोणीही सोम्या-गोम्या उठतो आणि बोलतो’ या वाक्यात, ज्याला बोलण्याचा अधिकार नाही असा माणूस सूचित होतो. ‘कोणीही देवदत्त उठतो’ असे आपण कधी म्हणत नाही. शास्त्रातील नमुना-पुरुष आणि तुच्छतेचा नमुना-पुरुष यांच्या नावांतले हे अंतर समाजातील अंतरच आहे.

नाव बदलणे म्हणजे हे अंतर नाकारणे, याचा अनुभव नागपूरने घेतला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतरच्या पिढ्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा अशी नावे घरोघरी रुजली. आपले नाव पूर्ण, सन्मानाने आणि स्वतः निवडलेल्या रूपात लिहिले जावे, ही अपेक्षा येथे शोभेची बाब नाही.

नमुना बदलला, की व्यवस्था बदलल्याची खूणही दिसते. प्रचलित मराठी नमुना ‘स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव’ असा तीन पदांचा आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची नोंद शासकीय दस्तऐवजांत ‘बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ अशी व्हावी. अर्जात एक चौकट वाढली. आणि जी आई आजवर नमुन्यात नव्हती, ती त्यात आली.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘अमुक’ आणि ‘कोणीतरी’ यांतील मुख्य अर्थभेद कोणता?
(आ) ‘फलाणा’ या शब्दाचे मूळ कोणत्या भाषेत आहे?
(इ) परीक्षेतील पत्रात ‘अ. ब. क.’ लिहिण्याचा हेतू काय?

५.२.४ ई-मेल पत्ता आणि लिपी

आता नावाकडून पत्त्याकडे वळू. संगणकांच्या जाळ्यावरील ई-मेलची सुरुवात १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी केली. व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दाखवण्यासाठी त्यांनी @ हे चिन्ह निवडले. ‘अमुक व्यक्ती, अमुक ठिकाणी’ असाच त्या पत्त्याचा अर्थ आहे. त्या काळी ज्या संकेतावलीत ही नावे लिहिली जात, तीत केवळ १२८ संकेत होते आणि अक्षरे फक्त इंग्रजीची होती. म्हणून पत्ता रोमन लिपीतच असणार, हे पुढे जणू निसर्गनियमासारखे मानले गेले. वस्तुतः ती त्या काळच्या यंत्रणेची मर्यादा होती.

ही मर्यादा टप्प्याटप्प्याने दूर झाली. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र संकेत मिळाला. ई-मेल पत्त्याचे दोन भाग असतात : @च्या आधीचे व्यक्तिनाम आणि नंतरचे क्षेत्रनाम. क्षेत्रनामासाठी २००३मध्ये एक युक्ती प्रमाणित झाली. देवनागरी नाव पडद्याआड रोमन अक्षरे व अंक यांच्या एका सांकेतिक रूपात बदलायचे आणि जुन्या यंत्रणेला ते रूप द्यायचे, अशी ती युक्ती होय. वाचकाला देवनागरी दिसते, यंत्राला रोमन दिसते. परंतु @च्या आधीच्या भागाला ही युक्ती चालत नाही, कारण त्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरला असतो. वाटेतल्या कोणी त्याचे रूप बदलणे अपेक्षित नाही. म्हणून पत्रवहनाची प्रमाणकेच विस्तारावी लागली. ती २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. २०१४मध्ये जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली. त्याच वर्षी २७ ऑगस्टला देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, सिंधी, मैथिली, बोडो आणि डोगरी या आठ भाषांसाठी ते आहे.

तात्पर्य, संपूर्ण देवनागरी ई-मेल पत्ता आज तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. तरीही अनेक संकेतस्थळांवरील अर्ज असा पत्ता ‘अवैध’ ठरवतात. तो अर्ज तयार करणाऱ्याने ‘पत्ता म्हणजे रोमन अक्षरे’ हे जुने गृहीत तपासलेले नसते. नमुन्यातील ‘एबीसी’ आणि पडद्यामागील हा नियम ही एकाच गृहीताची दोन रूपे आहेत.

५.२.५ काळे, वऱ्हाड, नागपूर : मराठी लेखनाचे प्रश्न

देवनागरी पत्ता मिळाला, म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही. मराठीच्या विद्यार्थ्याने पुढील चार बाबी विशेष लक्षात घ्याव्यात.

(१) ‘काळे’ व ‘काले’ : ही दोन भिन्न आडनावे रोमन लिपीत सामान्यतः एकाच पद्धतीने लिहिली जातात. ळ-ल, ण-न, ट-त हे भेद तेथे पुसले जातात. देवनागरी पत्त्यात ते टिकतात, हा मोठा लाभ होय.

(२) ‘वऱ्हाड’ : या शब्दातील अर्धा ‘ऱ’ हे मराठीचे वैशिष्ट्य. दर्या (समुद्र) आणि दऱ्या (‘दरी’चे अनेकवचन), आचार्यास आणि आचाऱ्यास या जोड्यांत केवळ त्यामुळे अर्थ बदलतो. संगणकावर हे रूप दोन प्रकारे लिहिता येते. एका पद्धतीत ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडतात. दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात; यंत्राला मात्र ती भिन्न आहेत. क्षेत्रनामांच्या २००३च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळले जाई, आणि मग ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होई. नंतरच्या नियमांनी त्या चिन्हाला काही अटींवर स्थान दिले. तरी पत्त्यासाठी पहिली पद्धतच सुरक्षित समजावी.

(३) ‘नागपूर’ व ‘नागपुर’ : मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार गावाच्या नावाअखेरचा ‘पूर’ दीर्घ लिहितात, हिंदीत तो ऱ्हस्व असतो. यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. ‘.भारत’ आठ भाषांना समाईक असल्यामुळे हा भेद प्रत्यक्षात महत्त्वाचा ठरतो. दूरध्वनीवर पत्ता सांगताना ‘पू दीर्घ’ असे सांगावे लागेल. शुद्धलेखन ही केवळ गुणांची बाब नसून पत्र योग्य स्थळी पोहोचण्याची अट होते.

येथे लिपीचे वळण आणि अक्षराचा संकेत यांत गल्लत करू नये. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची विशिष्ट वळणे निश्चित केली. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘ल’ डोळ्यांना वेगळे दिसतात, पण त्यांचा संकेत एकच आहे; त्यामुळे पत्ता बदलत नाही. ‘पु’ आणि ‘पू’ यांचे मात्र तसे नाही.

(४) विभक्तिप्रत्यय : मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. रोमन पत्त्यापुढे ‘वर’ लिहिले, तर लिपी बदलते आणि पत्ता कोठे संपला हे कळते. देवनागरी पत्त्याला ‘वर’ जोडले, तर ते पत्त्याचाच भाग होऊन बसते. म्हणून ‘अबक@उदाहरण.परीक्षावर पाठवा’ असे न लिहिता ‘पुढील पत्त्यावर पाठवा : अबक@उदाहरण.परीक्षा’ अशी रचना करावी. त्यानंतर पूर्णविरामही देऊ नये. मराठीच्या रूपव्यवस्थेतून उद्भवणारा हा प्रश्न इंग्रजी नमुन्याची नक्कल करून सुटत नाही.

५.२.६ निर्दोष नमुना कसा लिहावा?

नमुन्यातील पत्ता खरोखर कोणाचाही नसावा, ही पहिली कसोटी. ‘एक्सवायझेड.कॉम’ हे प्रत्यक्षात नोंदलेले क्षेत्रनाम आहे. सहज म्हणून लिहिलेला पत्ता एखाद्या खऱ्या व्यक्तीचा निघाला, तर नमुना जसाच्या तसा उतरवणाऱ्यांची पत्रे तिला जातात. ही अडचण ओळखून जून १९९९मध्ये ‘एक्झाम्पल.कॉम’सारखी काही नावे केवळ उदाहरणासाठी राखून ठेवण्यात आली. ती कोणालाही विकली जात नाहीत.

देवनागरीतही असे नाव आहे. ऑक्टोबर २००७मध्ये रोमनेतर क्षेत्रनामांची जागतिक चाचणी सुरू झाली, तेव्हा अरबी, ग्रीक, तमिळ आदी लिपींबरोबर देवनागरीसाठी ‘उदाहरण.परीक्षा’ हे नाव योजले होते. नोंद हिंदीच्या नावे झाली. पण दोन्ही शब्द तत्सम असल्यामुळे ते जितके हिंदी, तितकेच मराठी आहेत. चाचणी संपली, तरी ‘परीक्षा’ हे क्षेत्रनाम सर्वसाधारण नोंदणीसाठी खुले झालेले नाही. म्हणून ‘अबक@उदाहरण.परीक्षा’ हा नमुना पत्ता मराठी आहे आणि निरुपद्रवीही आहे. याउलट ‘.भारत’ने संपणारा कल्पित पत्ता नमुन्यात वापरू नये. ते नाव उद्या कोणीही नोंदवू शकेल.

दुसरी कसोटी नावाची. नमुन्यात पदांचा क्रम स्पष्ट असावा. ‘पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव’ असे शब्दशः भाषांतर करण्याऐवजी ‘स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ असे लिहावे. उदाहरणादाखल नावे द्यावयाची असल्यास ती एकाच लिंगाची वा समाजाची नसावीत. तिसरी कसोटी व्यवहाराची. सर्व यंत्रणा देवनागरी पत्ता स्वीकारेपर्यंत रोमन पत्ताही जवळ ठेवणे शहाणपणाचे. मात्र अर्जात दोन्हींसाठी जागा असावी आणि नमुना दोन्हींचा असावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) @च्या आधीच्या भागासाठी वेगळी प्रमाणके का आवश्यक ठरली?
(आ) ‘नागपूर’ व ‘नागपुर’ यंत्राला भिन्न, पण ‘ल’ची दोन वळणे अभिन्न का?
(इ) देवनागरी पत्त्याला ‘वर’ जोडून का लिहू नये?

५.३ सारांश

नमुना-नाम हे प्रत्यक्ष नावाची जागा धरून ठेवते. ‘अमुक’, ‘फलाणा’, ‘अ. ब. क.’, ‘सोम्या-गोम्या’ हे मराठीतील त्याचे चार प्रकार. नमुना-नाम तटस्थ नसते; त्यात लिंग, प्रदेश व सामाजिक स्तर यांविषयीची गृहीते असतात. ई-मेल पत्त्यावरील रोमन लिपीचे बंधन तांत्रिकदृष्ट्या २०१२पासून उरलेले नाही. ते सवयीत उरले आहे. देवनागरी पत्ता वापरताना अर्धा ‘ऱ’, ऱ्हस्व-दीर्घ आणि विभक्तिप्रत्यय यांकडे मराठी लेखकाला स्वतः लक्ष द्यावे लागते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत काम करत असतील. एखाद्या अर्जाचा मसुदा कधीतरी आपल्याच हाती येईल. त्यातील फिकट अक्षरांची ओळ लिहिताना ती कोण वाचणार आहे, एवढा विचार केला, तरी या घटकाचा हेतू सफल होईल.

५.४ पारिभाषिक शब्द

नमुना-नाम : प्रत्यक्ष नावाची जागा दाखवणारा शब्द.
आगत शब्द : परभाषेतून आलेला शब्द.
क्षेत्रनाम : ई-मेल पत्त्यातील @नंतरचा भाग.
संकेतावली : अक्षरांना दिलेल्या संकेतांची निश्चित यादी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ‘कोणीतरी’मध्ये व्यक्ती अनिश्चित असते, ‘अमुक’मध्ये ती निश्चित, पण अनुच्चारित असते. (आ) अरबी. (इ) परीक्षकाला विद्यार्थ्याची ओळख पटू नये.
प्रश्न २ : (अ) त्या भागाचा अर्थ फक्त स्वीकारणारा सर्व्हर लावतो, म्हणून वाटेत त्याचे रूपांतर करता येत नाही. (आ) ‘पू’ व ‘पु’ यांचे संकेत भिन्न आहेत. ‘ल’ची वळणे भिन्न असली, तरी संकेत एकच आहे. (इ) ‘वर’ हा पत्त्याचाच भाग मानला जातो.

५.६ सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘नमुना-नाम हे समाजाच्या गृहीतांचा आरसा असते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. आपल्या बोलीत ‘कोणीही’ या अर्थाने वापरली जाणारी किमान पाच नावे वा शब्द गोळा करा. ती कोण, कोणाविषयी आणि कोणत्या स्वरात वापरतो, याची नोंद करा.
३. आपल्या परिसरातील कोणतेही तीन छापील वा संगणकीय अर्ज पाहून त्यांतील नमुना-नावे व पत्ते उतरवा. त्यांपैकी एका अर्जासाठी प्रस्तुत घटकातील तीन कसोट्यांनुसार सुधारित मराठी नमुना तयार करा.